गरोदरपणातील लस : घ्यावी की न घ्यावी, आणि कोणाच्या शब्दावर?

दिवस राहिलेल्या स्त्रीच्या दंडात धनुर्वाताची लस टोचली जाते, तेव्हा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सहसा कोणी प्रश्न विचारत नाही. सासू विचारत नाही, नवरा विचारत नाही आणि ती स्वतःही विचारत नाही. 'आशा' ताई येतात, तारीख सांगतात, परिचारिका सुई टोचते, कार्डावर नोंद होते आणि विषय संपतो. त्याच स्त्रीला त्याच परिचारिकेने २०२१ च्या जुलैमध्ये करोनाची लस घ्या म्हणून सांगितले, तेव्हा मात्र घराघरांत चर्चा झडल्या. बाळाला काही होईल का, गर्भ पडेल का, बाळंतपण झाल्यावर घेतली तर चालणार नाही का, असे प्रश्न पुढे आले. फ्लूच्या लशीचे तर नावही अनेकींच्या कानावर जात नाही. तिन्ही लशी गरोदर स्त्रीसाठी, देणारे हात बहुतेक वेळा तेच. मग एकीचा सहज स्वीकार, दुसरीबद्दल भीती आणि तिसरीबद्दल अज्ञान असे का व्हावे?

या प्रश्नाचे सोपे उत्तर 'अशिक्षितपणा' असे दिले जाते. ते चुकीचे आहे. अशिक्षितपणा हे कारण असते, तर धनुर्वाताची लसही नाकारली गेली असती. खरे कारण शोधायचे तर गरोदर स्त्रीला लशीविषयी कोण सांगते, केव्हा सांगते आणि सांगणाऱ्याचा शब्द किती काळ टिकतो, हे पाहावे लागते. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरसारखे ठिकाण मोठ्या शहरापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. पांडुरंग सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. आज ते महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीत मोडते. म्हणजे कागदोपत्री शहर, व्यवहारात मोठे गाव. दवाखान्याची गरज पडली की लोक अकलूज गाठतात. तेथे शासनाचे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि खासगी प्रसूतिगृहेही आहेत. गुंतागुंत वाढली तर पंढरपूर, त्याहून वाढली तर सोलापूरचे 'सिव्हिल'. गळीत हंगाम सुरू झाला की या परिसराची लोकसंख्या बदलते. मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि त्या कोयत्यातील बायको अनेकदा गरोदर असते.

अशा गावात गरोदरपणातील लशीचा निर्णय एकटी स्त्री घेत नाही. घरची वडीलधारी बाई, नवरा, अकलूजची डॉक्टर, आशा ताई आणि फोनवरून माहेरची आई, एवढी माणसे त्यात असतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने सहा महिने एका गावात आणि शेवटचे तीन दुसऱ्या गावात जातात. सासरी एका डॉक्टरने सांगितलेले माहेरच्या डॉक्टरने खोडून काढले, तर निर्णय हमखास 'नको' असाच होतो. यात मूर्खपणा नाही. जाणत्या माणसांचे एकमत नसेल तर थांबावे, हा शहाणपणाचाच नियम लोक पाळतात. तो नियम लशीच्या बाबतीत का फसतो, हे समजण्यासाठी धनुर्वाताच्या लशीपासून सुरुवात करावी लागेल.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे सुप्त रूप इतके चिवट असते की माती कधीच त्यापासून मुक्त करता येणार नाही. घरच्या बाळंतपणात नाळ अस्वच्छ पात्याने किंवा विळ्याने कापली गेली, वा तिच्यावर राख-माती लावली गेली, की जंतू बाळाच्या शरीरात शिरत. जन्मानंतर काही दिवस नीट दूध पिणारे बाळ अचानक पिणे थांबवी, जबडा घट्ट होई आणि शरीर धनुष्यासारखे ताणले जाई. या बाळांपैकी फार थोडी वाचत. भारतात एके काळी नवजात धनुर्वाताचे दरवर्षी दीड ते दोन लाख रुग्ण होत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. त्यावर उपाय होता तो आईला लस देण्याचा. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही आठवडे त्याचे रक्षण करतात. बाळाला स्वतःची लस दिली जाण्यापूर्वीच त्याला आजार गाठतो. म्हणून आईच्या दंडातून बाळाचे लसीकरण, असा हा सरळ विचार आहे.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, २००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या आणि रुग्णालयातील बाळंतपणे वाढली. या सर्वांचा परिणाम म्हणून २०१५ मध्ये भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. येथे निर्मूलनाचा अर्थ रोग संपला असा नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा त्याचा अर्थ आहे. माती तीच आहे. लस थांबली तर रोग परत येईल. २०१९ पासून जुन्या 'टीटी' लशीऐवजी धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींपासून संरक्षण देणारी 'टीडी' लस देण्यात येऊ लागली. गरोदरपणाची नोंद होताच पहिली मात्रा आणि चार आठवड्यांनी दुसरी; मागील तीन वर्षांत दोन मात्रा झाल्या असतील तर एकच. हा बदल झाला तेव्हा गावोगावी त्याची चर्चाही झाली नाही.

लोकांचा हा विश्वास कोणत्या जाहिरातीने मिळवलेला नाही. तो चार दशकांच्या सवयीतून आला आहे. आज सासू असलेल्या बाईने स्वतःच्या गरोदरपणात ही लस घेतली होती. तिची मुले तिच्यासमोर वाढली. लस देणारी परिचारिका रक्तदाब पाहते, हिमोग्लोबिन तपासते आणि लोहाच्या गोळ्या देते. लस हा त्या सेवेचा एक भाग असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी करणारे 'पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान' २०१६ मध्ये सुरू झाले, त्यातही हेच सूत्र आहे. सेवा नियमित असली आणि सल्ला वर्षानुवर्षे एकच राहिला, तर लोक प्रश्न विचारत नाहीत. याच्या उलट घडले तर काय होते, हे करोनाने दाखवून दिले.

पंढरपूर-माळशिरस परिसराने करोनाची झळ जवळून सोसली. पांडुरंग कारखान्याचे दीर्घकाळ नेतृत्व केलेले माजी आमदार सुधाकरपंत परिचारक यांचे ऑगस्ट २०२० मध्ये करोनाच्या आजारात निधन झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये पंढरपूरचे आमदार भारत भालके करोनानंतरच्या गुंतागुंतीमुळे गेले आणि त्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट ऐन भरात असताना, पोटनिवडणुकीचे मतदान झाले. राज्यात इतरत्र रुग्ण उतरणीला लागले असतानाही ऑगस्ट २०२१ मध्ये पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांत जिल्हा प्रशासनाला संचारबंदी लावावी लागली. या भागातील गरोदर स्त्रियांसाठी लशीचा प्रश्न पुस्तकी नव्हता.

देशात करोनाचे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. केंद्राच्या तेव्हाच्या सूचना स्पष्ट होत्या : गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना लस देऊ नये. कारणही दिलेले होते. लशींच्या चाचण्यांमध्ये गरोदर स्त्रियांचा समावेश नव्हता, त्यामुळे त्यांच्याबाबत पुरावा नव्हता. १९ मे २०२१ रोजी स्तनदा मातांना परवानगी मिळाली. २ जुलै २०२१ रोजी, लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाच्या शिफारशीनुसार, गरोदर स्त्रियांनाही परवानगी देण्यात आली. गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात लस घेता येईल. मात्र लाभ आणि धोके समजावून सांगून निर्णय त्या स्त्रीवर सोडावा, असे धोरण ठरले. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या देशव्यापी संघटनेने त्याआधीच लशीच्या बाजूने भूमिका घेतली होती.

दिल्लीतून पाहिले तर हा क्रम तर्कशुद्ध वाटतो. आधी पुरावा नव्हता म्हणून थांबलो. पुरावा आला, धोका वाढला, म्हणून परवानगी दिली. गावातून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. साडेपाच महिने लसीकरण केंद्रावर एक प्रश्न विचारला जात होता, 'गरोदर आहात का?' आणि उत्तर 'होय' असेल तर परत पाठवले जात होते. त्या साडेपाच महिन्यांत लोकांच्या मनात एक अर्थ पक्का बसला : ही लस गर्भाला वाईट असली पाहिजे, एरवी शासनाने कशाला मनाई केली असती? 'पुरावा नाही' आणि 'धोका आहे' या दोन वाक्यांतला फरक कोणी सांगितला नाही. त्यानंतर एका दिवशी त्याच केंद्रावरून निरोप आला की आता घ्या. ज्या शासनाने जूनमध्ये नको म्हटले त्याने जुलैमध्ये घ्या म्हटले, आणि मधे नेमके काय बदलले हे समजावण्याचे काम आशा ताईंवर पडले. त्यांच्या हाती माहितीपत्रके दिली गेली; परंतु साडेपाच महिन्यांत पडलेली गाठ माहितीपत्रकाने सुटत नाही.

मधे बदलले होते ते असे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने महाराष्ट्रात करोनाबाधित गरोदर स्त्रिया व बाळंतिणींची एक नोंदणी ठेवली जात होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये त्यातील १५३० स्त्रियांची माहिती मांडली. पहिल्या लाटेत लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ते २८.७ टक्क्यांवर गेले. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर पोहोचले. ही संख्या रुग्णालयात नोंद झालेल्या स्त्रियांची आहे, सर्व बाधित गरोदर स्त्रियांची नव्हे, हे ध्यानात घेतले तरी दिशा स्पष्ट होती. दुसरीकडे अमेरिकेत गरोदर असताना लस घेतलेल्या ३५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत काळजी करावी असे काही आढळले नाही. अर्थात त्या लशी वेगळ्या तंत्राच्या होत्या, कोव्हिशील्ड वा कोव्हॅक्सिन नव्हेत. म्हणजे भारतीय स्त्रीपुढील पुरावा अपुराच होता, पण शून्य नव्हता.

अपुऱ्या पुराव्यावर निर्णय कसा घ्यायचा, हाच येथे कळीचा मुद्दा आहे. दुष्परिणामांचा आकडा शासनाने लपवला नव्हता. रक्तात गुठळी होण्यासारखी, तातडीने लक्ष द्यावे लागेल अशी लक्षणे एक ते पाच लाख व्यक्तींमागे एकीत दिसू शकतात, असे सूचनांत नमूद होते. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडून पाहावा. नोंदणीतील ५.७ टक्के हा आकडा दहापट फुगलेला आहे असे मानू. दहा गरोदर स्त्रियांपैकी एकीलाच संसर्ग होईल असेही मानू. तरी लाखात ५७ मृत्यू येतात. लस निम्मेच संरक्षण देते असे धरले, तरी टळणारे मृत्यू लाखात २८ च्या घरात राहतात. आणि लशीच्या बाजूने धोका लाखात फार तर एक. हा हिशेब ढोबळ आहे. परंतु आकडे कितीही इकडचे तिकडे केले, तरी लाटेच्या काळात पारडे कोणत्या बाजूला झुकते हे त्यातून कळते. लाट ओसरल्यावर, संसर्गाची शक्यता घटल्यावर आणि बहुतेकांना आजार वा लस यातून प्रतिकारशक्ती आल्यावर हेच गणित वेगळे होते. लशीचा निर्णय काळ आणि परिस्थितीशी बांधलेला असतो, ही साधी गोष्ट लोकांना आधीच सांगितली असती, तर जुलैमधला बदल त्यांना कोलांटउडी वाटला नसता.

भीतीचे दुसरे मूळ अधिक खोल आहे. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा ते पंधरा गर्भ, कोणतीही लस न घेता, नैसर्गिकरीत्या पडतात. हजारो गरोदर स्त्रियांना लस दिली की त्यांतील काहींचा गर्भपात लशीनंतरच्या आठवड्यात होणारच. तो लस न घेताही झाला असता. पण ज्या घरात तो होतो, तेथे कारण म्हणून लसच दिसते, आणि ती बातमी शेजारच्या चार वस्त्यांत पोहोचते. न घेतलेल्या लशीमुळे झालेला मृत्यू मात्र 'करोनाने गेली' असाच नोंदवला जातो. लस न घेतल्याने गेली असे कोणी म्हणत नाही. केलेल्या गोष्टीचा दोष दिसतो, न केलेल्या गोष्टीचा दिसत नाही. म्हणून 'नको' हा निर्णय नेहमी सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात तोही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत असते.

हा कल केवळ कुटुंबांचा नाही, वैद्यकशास्त्राचाही आहे. १९६१ मध्ये थॅलिडोमाइड या औषधाचे भयंकर परिणाम उघड झाले. गरोदरपणात ते घेतलेल्या स्त्रियांची हजारो मुले हातापायांचे व्यंग घेऊन जन्माला आली. त्या धक्क्यानंतर गरोदर स्त्रियांना चाचण्यांतून वगळण्याची प्रथा रूढ झाली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की नवे औषध वा लस आली की गरोदर स्त्रीसाठी उत्तर 'माहिती नाही' हेच असते. चाचणीत धोका पत्करायचा नाही म्हणून तिला वगळले जाते आणि मग साथीच्या ऐन भरात, कोणत्याही देखरेखीशिवाय, तो धोका तिनेच घरी बसून तोलायचा असतो.

माहिती जमवली तर काय मिळते याची उदाहरणे आहेत, आणि ती करोनापुरती मर्यादित नाहीत. बांगलादेशात २००४-०५ मध्ये ३४० गरोदर स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. तेथील हवामान, दाटी आणि गरिबी आपल्या परिसरापेक्षा फार वेगळी नाही. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लशीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत अग्रक्रम द्यावा असे म्हटले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डांग्या खोकल्याच्या साथीत १४ तान्ही बाळे दगावली. तेथील शासनाने ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर मातांना या रोगाची लस देण्यास सुरुवात केली. पुढील पाहणीत तीन महिन्यांखालील बाळांना सुमारे ९० टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले.

महाराष्ट्रासाठी फ्लूचा प्रश्न दूरचा नाही. ऑगस्ट २००९ मध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला. त्यानंतरच्या साथींमध्ये गरोदर स्त्रिया जोखमीच्या गटात असल्याचे स्पष्ट झाले. गरोदरपणात फुप्फुसांना जागा कमी मिळते आणि हृदयावर ताण वाढतो; त्यामुळे एरवी आठवड्यात बरा होणारा फ्लू तिला व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकतो. २०१५ च्या साथीनंतर राज्य शासनाने दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गरोदर स्त्रियांना ही लस मोफत देण्याचे पाऊल उचलले, आणि ते योग्यच होते. फॉग्सीही फ्लूच्या लशीची शिफारस करते; डांग्या खोकल्यासाठी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत 'टीडॅप' लशीचीही. मात्र राष्ट्रीय वेळापत्रकात गरोदर स्त्रीसाठी आजही टीडीच आहे. म्हणजे खासगी प्रसूतिगृहात जाणाऱ्या स्त्रीला एक सल्ला मिळतो आणि शासकीय कार्डावर दुसराच छापलेला असतो. अकलूजच्या खासगी दवाखान्यात नाव नोंदवलेली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कार्ड असलेली श्रीपूरची स्त्री या दोन्हींच्या मधे उभी असते. लस वाईट आहे म्हणून नव्हे, तर दोन ठिकाणी दोन याद्या आहेत म्हणून तिच्या मनात शंका येते.

या शंकेला उत्तर 'सगळ्या लशी चांगल्या, घेऊन टाका' असे देणेही अयोग्य ठरेल. सर्व लशी गरोदरपणात चालत नाहीत. गोवर-रुबेला, कांजिण्या यांच्या लशींत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. त्या गरोदरपणात दिल्या जात नाहीत. रुबेलाची लस घ्यायची तर ती गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूवर नाकात फवारण्याची लस आणली. तीही जिवंत विषाणूची असल्याने गरोदर स्त्रियांसाठी नव्हती. त्यांना सुईतून दिली जाणारी मृत विषाणूची लसच योग्य. एकाच आजाराची एक लस चालते आणि दुसरी चालत नाही, हा फरक समजून घेण्याइतकी बुद्धी खेड्यातील स्त्रीला असते. प्रश्न तो फरक सांगण्याइतका वेळ तिला कोणी देतो का, एवढाच आहे.

म्हणून कोणतीही लस पुढे आली की गरोदर स्त्रीने आणि तिच्या घरच्यांनी काही ठरावीक प्रश्न विचारावेत. हा आजार गरोदरपणात अधिक गंभीर होतो का? सध्या आपल्या भागात त्याचा प्रादुर्भाव आहे का? लस जिवंत जंतूंची आहे की मृत? गरोदर स्त्रियांमध्ये ती किती वर्षांपासून वापरली जात आहे? संरक्षण आईला की बाळाला, की दोघांना? कोणत्या महिन्यात घेतल्यास अधिक उपयोग होईल? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : नाही घेतली तर काय होऊ शकते? टीडीची उत्तरे या कसोटीवर निर्विवाद आहेत. फ्लूची उत्तरे भक्कम आहेत. डांग्या खोकल्याची उत्तरे परदेशातील अनुभवावर भक्कम आहेत. करोनाच्या लशीचे उत्तर २०२१ मध्ये होकाराकडे स्पष्ट झुकत होते. आज ते त्या स्त्रीचे इतर आजार, आधीच्या मात्रा आणि डॉक्टरचा सल्ला यांवर ठरेल.

ऊसतोडीला येणाऱ्या स्त्रीपुढे प्रश्न आणखी वेगळा असतो. तिच्या बाबतीत 'घ्यावी की नाही' याच्या आधी 'मिळेल का' हा प्रश्न येतो. पहिली मात्रा गावाकडे झाली, दुसरीच्या तारखेला ती फडात असते. सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि मुकादमाच्या उचलीचा हिशेब वाढतो. माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिले असेल तर कोणती मात्रा झाली हे सांगताही येत नाही. २०२४ मध्ये देशभर लागू होऊ लागलेल्या 'यू-विन' या संगणकीय नोंदणीचा खरा उपयोग अशा स्त्रियांनाच आहे. कारण नोंद कार्डाबरोबर गावी राहत नाही, तिच्यामागे येते. परंतु नोंद असून भागत नाही. हंगामाच्या काळात कोप्यांपर्यंत परिचारिका पोहोचली पाहिजे. साखर कारखाने आपल्या ऊसवाहतुकीचा एकेक टन मोजतात. त्याच गाळपासाठी आलेल्या गरोदर स्त्रियांची यादी हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात आरोग्य केंद्राकडे देणे त्यांना अवघड नाही.

अधिकृत सल्ला डळमळला की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेचे आहे. २७ मे २०२५ रोजी तेथील आरोग्यमंत्र्यांनी निरोगी गरोदर स्त्रियांसाठी करोना लशीची शिफारस मागे घेतल्याचे जाहीर केले. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र आपली शिफारस कायम ठेवली. जगातील सर्वांत सुसज्ज आरोग्यव्यवस्थेतील गरोदर स्त्री आज मंत्र्याचे ऐकावे की डॉक्टरचे, या पेचात सापडली आहे. तिचा पेच आणि जुलै २०२१ मधील माळशिरस तालुक्यातील स्त्रीचा पेच यांत मूलतः फरक नाही. शिक्षण, उत्पन्न, इंटरनेट यांपैकी कशानेही तो सुटत नाही.

आपल्याकडे तो सोडवण्याचे साधन हाताशी आहे आणि ते धनुर्वाताच्या लशीने सिद्ध करून दाखवले आहे. शासन आणि तज्ज्ञ संघटना यांनी गरोदर स्त्रीसाठी एकच यादी तयार करावी आणि तीच कार्डावर छापावी. नवी लस येईल तेव्हा 'माहिती नाही' आणि 'धोका आहे' यांतला फरक पहिल्या दिवशीच सांगावा, आणि माहिती आल्यावर सल्ला बदलू शकतो हेही त्याच दिवशी सांगावे. चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना सरसकट वगळण्याची प्रथा बदलावी. आणि हे सर्व समजावून सांगणाऱ्या आशा ताईला त्यासाठी वेळ, प्रशिक्षण व मोबदला द्यावा. कारण २०२१ मध्ये शासनाच्या बदललेल्या शब्दाचे ओझे अखेरीस तिनेच दारोदारी वाहिले. लस घ्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क गरोदर स्त्रीचा आहे यात शंका नाही. पण हक्क दिला आणि माहिती दिली नाही, तर तो हक्क राहत नाही. जबाबदारी झटकण्याची सोय होते.